उद्यमबागमधली मुलाखत: टेक्निकल चांगली झाली, पण ओरिजिनल मार्क्स कार्ड ठेवून घेणार म्हणतात

खानापूरची_मेकॅनिकल

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. एसएसएलसी (दहावी) मराठी माध्यमातून, नंतर बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमा, सी-20 स्कीम (2020 चा अभ्यासक्रम). सहाव्या सेमिस्टरची इंटर्नशिप हायड्रॉलिक पार्ट्स करणाऱ्या एका युनिटमध्ये झाली, तिथं मी इन्स्पेक्शनच्या टेबलावरच असायची. आता बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कास्टिंग आणि मशीनिंगच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टरसाठी मुलाखत देऊन आले. कंपनीचं नाव लिहीत नाही. शनिवारपर्यंत हो की नाही कळवायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सकाळी लेखी पेपर होता. सीएनसी प्रोग्रॅममधल्या जी02 आणि जी03 मधला फरक, एसजी (गोळ्यांच्या ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड) आणि ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइटचा आकार कसा असतो, मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, असलं सगळं. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. आमच्यातले बरेचजण तिथंच गळाले हे मात्र खरं.

खरी मुलाखत जेवणानंतर झाली. समोर तिघं. क्वालिटीचे साहेब, प्रॉडक्शनचे साहेब आणि फाउंड्रीकडचे एक वयस्कर मेटलर्जिस्ट. हातात ड्रॉइंग दिलं, हाउसिंगचं. त्यात बोअर (आतलं गोल भोक) 25 मिलिमीटर, एच7. टेबलावर व्हर्निअर, प्लग गेज आणि बोअर गेज ठेवलेलं. "यातलं काय उचलशील?" मी बोअर गेज उचललं. का, म्हणून विचारलं. एच7 म्हणजे 25.000 ते 25.021, सगळी मिळून 21 मायक्रॉनची जागा, आणि व्हर्निअर स्वतःच 20 मायक्रॉनच्या खाली वाचत नाही, असं सांगितलं. प्लग गेज आत जातं की नाही एवढंच सांगतं, आकडा देत नाही, हेही सांगितलं. साहेबांनी मान हलवली.

मेटलर्जिस्ट साहेबांनी विचारलं, एसजी कास्टिंगमध्ये मॅग्नेशियम कशाला, आणि ट्रीटमेंट झाल्यावर लॅडल (वितळलेल्या लोखंडाचं भांडं) ओतायला उशीर झाला तर काय होईल. इंटर्नशिपला हे बघितलेलं होतं. मॅग्नेशियम उडून जातं, ग्रॅफाइटचे गोळे नीट होत नाहीत, असं सांगितलं. मग प्रॉडक्शनच्या साहेबांनी एकदम कन्नडमध्ये सुरुवात केली. ऑपरेटर बागलकोटकडचा आहे, त्याला मराठी येत नाही, हा जॉब का रिजेक्ट झाला ते त्याला समजावून सांग म्हणाले. मी कन्नडमध्येच सांगितलं. शाळेत कन्नड होती आणि डिप्लोमाला वर्गातल्या निम्म्या मैत्रिणी कन्नडच बोलायच्या, त्यामुळे अडलं नाही.

एक प्रश्न मात्र अजून डोक्यात आहे. "सकाळी पहिला पीस बरोबर होता, पन्नासावा पीस बाहेर गेला. काय बघशील?" मी म्हटलं, इन्सर्ट (कापायची धार असलेला तुकडा) झिजला असेल. ते म्हणाले, "आणखी?" मी ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) म्हटलं, चकचं प्रेशर म्हटलं. ते पुन्हा, "आणखी?" आणि तिथंच विषय सोडला. त्यांना काय ऐकायचं होतं?

मग शॉपमध्ये फिरवून आणलं. मी सगळं बघत होते. गेजवर कॅलिब्रेशनचे स्टिकर होते, तारखाही चालू होत्या. रिजेक्शनचे लाल ट्रे कुलपात होते. हे बघून बरं वाटलं, कारण सगळीकडे असं नसतं.

शेवटी एचआर. तिथं मन खट्टू झालं. लग्नाचं काय ठरलंय, खानापूरहून दुसरी पाळी कशी करणार, हे विचारलं. ते एक वेळ ठीक. नंतर सांगितलं की दोन वर्षांचा बाँड आहे, मध्येच सोडलं तर 50,000 रुपये भरायचे, आणि एसएसएलसी व डिप्लोमाची ओरिजिनल मार्क्स कार्डं बाँड संपेपर्यंत कंपनीकडे राहतील. पगार "सीटीसी 21,100 महिना" (सीटीसी म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च) असा तोंडी सांगितला. कागद काही दिला नाही, जॉइन झाल्यावर देतो म्हणाले.

घरात दोन मतं आहेत. बाबा म्हणतात, हातची नोकरी सोडू नको. मोठा भाऊ म्हणतो, ओरिजिनल कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. मला काम आवडलंय हे खरं सांगते. त्या तिघांनी जे विचारलं ते सगळं कामाचं होतं, मुलगी म्हणून सोपं विचारलं नाही की टाळलं नाही. म्हणूनच एचआरचं जास्त लागलं. ज्यांना असा अनुभव आहे त्यांनी सांगा.

गेजरूम_उद्यमबाग

वयानं बराच मोठा आहे म्हणून तू म्हणतोय. उद्यमबागेत क्वालिटीतच केस पांढरे झाले आणि आता मीच मुलाखती घेतो. तुझ्या कंपनीत नाही, दुसऱ्या. आधी तुझ्या त्या "आणखी?"चं सांगतो, मग बाकीचं.

पन्नासावा पीस बाहेर गेला म्हणजे बोअर मोठा झाला की लहान झाला? हे त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि मुद्दाम सांगितलं नसणार. इन्सर्ट झिजत गेला तर बोअर लहान होत जातो, कारण धार मागं सरकते. बोअर 25.030 आला असेल तर झीज हे उत्तरच होत नाही. मग इन्सर्टच्या टोकाला धातू चिकटलाय का, कुणी इन्सर्ट फिरवला आणि ऑफसेट तसाच ठेवला का, जॉब मशीनवरून गरम गरम काढून मोजला का, हे बघावं लागतं. कास्ट आयर्नचा 25 मिलिमीटरचा बोअर दहा अंशांनी तापलेला असला तर पावणेतीन मायक्रॉनच्या आसपास मोठा दिसतो. 21 मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये पावणेतीन म्हणजे आठवा हिस्सा झाला. चकनं जास्त दाबलं असेल तर जबडे सोडल्यावर बोअर गोल राहत नाही, तीन कोपरे येतात. मग एका दिशेनं मोजलं तर पास आणि जरा फिरवून मोजलं तर नापास.

पण या सगळ्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे तोच पीस पुसून, बर (कडेला राहिलेली धातूची कूस) काढून पुन्हा मोजणं. बोअर गेज रिंगवर (नेमक्या मापाच्या कडीवर) लावून शून्य बघणं. मी मुलाखत घेतो तेव्हा हेच ऐकायला बसलेला असतो. दहातले आठ पोरं थेट मशीनवर धावतात. गेज खोटं बोलत असेल अशी शंका ज्याला पहिल्यांदा येते तो इन्स्पेक्टर.

आणि दुसरं. शेवटचा चांगला पीस कुठला ते शोधणं. पहिला बरोबर आणि पन्नासावा वाईट, तर मधले अठ्ठेचाळीस कुठं आहेत? पुढच्या ऑपरेशनला गेले? पॅक झाले? गाडीत चढले? ते अडवून वेगळे ठेवल्याशिवाय कारण शोधत बसायचं नाही. ग्राहकाकडे एक जरी गेला तरी चूक का झाली याचा आठ रकान्यांचा 8डी रिपोर्ट लिहीत आपणच बसतो.

तू सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरून तुझी मुलाखत उत्तम झाली असं मी समजतो. "आणखी?" असं दोनदा विचारलं याचा अर्थ तुझ्यात त्यांना रस होता. ज्याला घ्यायचं नसतं त्याला कुणी आणखी विचारत नाही, "ठीक आहे, कळवतो" म्हणून पाठवतात.

मॅग्नेशियमचा प्रश्न इन्स्पेक्टरला का विचारतात तेही सांगतो, कारण आमच्याकडे नवीन पोरं कुरकुरतात की हे फाउंड्रीवाल्यांचं काम. बोअर अगदी 25.010 आला, रंग छान, धार छान, आणि आत ग्रॅफाइटचे गोळेच झालेले नाहीत, तर एसजी 500/7 म्हणून पाठवलेला तुकडा 500 मेगापास्कलची ताकदही देणार नाही आणि 7 टक्के लांबणारही नाही. तो गाडीत बसल्यावर तुटेल. आमचे जुने लोक हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचे, एसजी घणघणतं, ग्रे मुकं वाजतं. आज अल्ट्रासॉनिकवर वेग बघतात. गेजवर न दिसणारा दोष असतो हे इन्स्पेक्टरच्या मनात पक्कं असावं लागतं.

आता ओरिजिनलचं. स्पष्ट सांगतो, देऊ नको. पडताळणीला दाखव, त्यांच्यासमोर झेरॉक्सशी ताडून बघू दे, "ओरिजिनल पाहिले" असा शिक्का मारू दे आणि त्याच हातानं परत घे. मार्क्स कार्ड तारण ठेवायची वस्तू नाही. आमच्याकडे ही पद्धत पूर्वी होती, मालकांच्या पुढच्या पिढीनं बंद केली. बंद झाल्यावर पोरं पळून गेली नाहीत. पगार वेळेवर असला की माणूस राहतो.

शिनोळी_फिटर

मध्येच विचारतो, माफ करा. मी चंदगड तालुक्यातला, सध्या शिनोळी एमआयडीसीत फिटर. बेळगाव आम्हाला कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ. उद्यमबागेत मुलाखतीला आलो तर कन्नड येत नाही म्हणून घेत नाहीत का? 2024 मध्ये काहीतरी कायदा आला होता ना स्थानिकांना नोकरीचा?

गेजरूम_उद्यमबाग

@शिनोळी_फिटर, तो कायदा झाला नाही. जुलै 2024 मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं विधेयक मंजूर केलं होतं, व्यवस्थापनाच्या जागांत 50 टक्के आणि बाकीच्या जागांत 70 टक्के स्थानिक, आणि स्थानिक कोण तर इथं जन्मलेला, 15 वर्षं राहिलेला, कन्नड बोलता-लिहिता-वाचता येणारा. उद्योगांकडून ओरड झाली आणि दोन-चार दिवसांतच ते थांबवलं. त्यामुळे कागदावर तुला अडवणारं काही नाही. फिटरच्या कामाला आम्ही चंदगडची पोरं घेतो, चांगली असतात. पण मशीनवर शेजारी उभा असलेला गोकाकचा, बागलकोटचा असतो. कामापुरतं कन्नड सहा महिन्यांत येतं, शिकायची तयारी आहे एवढं मुलाखतीत सांग. मीही तसंच शिकलो, शॉपवरच.

निपाणीकर_पाळी२

खानापूरच्या ताई, मी निपाणीचा, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जातो रोज. बाँड आणि पगार या दोन गोष्टींवर बोलतो. बाकी काकांनी सांगितलंच आहे.

आधी पगार. सीटीसी 21,100 ऐकून 21,100 हातात येतील असं घरात सांगू नका. आमच्याकडच्या हिशेबानं बेसिक आणि डीए मिळून 15,000, घरभाडं वगैरे 3,000, म्हणजे ग्रॉस 18,000. त्यावर कंपनीचा पीएफ 1,800, कंपनीचा ईएसआय (कामगार विमा) सव्वातीन टक्के म्हणजे 585, ग्रॅच्युइटी 4.81 टक्के म्हणजे 722. हे सगळं मिळवलं की 21,107 होतात. बघा, जवळजवळ तोच आकडा आला. आता हातात काय? 18,000 मधून तुमचा पीएफ 1,800 आणि ईएसआय पाऊण टक्का म्हणजे 135 वजा. राहिले 16,065. कॅन्टीनचे आणखी कापले तर वेगळे. कर्नाटकात 25,000 च्या खाली प्रोफेशनल टॅक्स नाही, तो तरी वाचला. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, फ्रेशरला ठीक आहे. पण ब्रेकअपचा कागद मागा. बेसिक कमी दाखवून बाकी भत्ते दाखवले तर पीएफ कमी पडतो.

आणि नक्की विचारा की तुम्हाला कंपनीच्या रोलवर घेणार, की कॉन्ट्रॅक्टरच्या, की अप्रेंटिस म्हणून. माझ्या बाबतीत मुलाखत कंपनीच्या माणसांनी घेतली, कंपनीच्याच ऑफिसात घेतली, आणि पहिल्या पगाराला स्लिप भलत्याच एजन्सीची. दोन वर्षं तसाच गेलो. अप्रेंटिस असेल तर स्टायपेंड मिळतो, पीएफ नसतो, आणि वर्ष संपल्यावर कायम करायचं बंधन कंपनीवर नसतं. शिकायला चांगलं आहे ते, पण मग दोन वर्षांचा बाँड कशाचा?

बाँडबद्दल लोक सांगतात की कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही कर. तसं नाही. 2025 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेचा 3 वर्षांचा, 2 लाखांचा बाँड योग्य ठरवला. खाजगी कारखान्याचा बाँड असेल तर ट्रेनिंगवर खरंच किती खर्च केला, रक्कम वाजवी आहे का, हे बघितलं जातं. पण त्यासाठी कोर्टकचेरी कोण करणार? म्हणून सही करायच्या आधी वाचा. वर्ष झाल्यावर सोडलं तर रक्कम निम्मी होते का, कंपनीनंच काढलं तर काय, हे दोन प्रश्न मी नसते विचारले तर आजही अडकून असतो. कोरा चेक मागितला तर उठून या.

मच्छेची_सीएमएम

अगं, तुझं वाचून मला माझीच मुलाखत आठवली, पण ते राहू दे. मी मच्छेला सीएमएमवर (मापं घेणाऱ्या मशीनवर) काम करते, लग्न झालंय, मुलगी शाळेत जाते.

लग्नाचा प्रश्न सगळ्या मुलींना विचारतात. भरतीत बाई म्हणून डावलायचं नाही हे 1976 च्या समान वेतनाच्या कायद्यातच लिहिलंय, आता ते वेतन संहितेत आलं. पण मुलाखतीत कायदा सुनावून नोकरी मिळत नाही हे मलाही माहीत आहे. मी एवढंच म्हणायचे, "कामाच्या वेळा आणि बाँड मला समजलाय, तो मी पाळणार. घरचं मी बघेन." पुढं कुणी खोदून विचारलं नाही. तुलाही त्यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

पाळीचं मात्र कायद्यानंच बोल, कारण इथं तुझ्या जिवाचा प्रश्न आहे. फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या कलम 66 प्रमाणे बाईच्या कामाची वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7 होती; नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा नव्या कामगार संहितेत गेला, पण वेळा त्याच आहेत. त्यानंतर काम द्यायचं तर कर्नाटकात बाईची लेखी संमती लागते आणि ने-आणीची गाडी कंपनीनं द्यायची असते. लोकांना वाटतं हे फक्त रात्रपाळीचं. दुसरी पाळीही सातच्या पुढं जाते, म्हणजे तीही त्यातच आली. तुला "खानापूरहून कशी करणार" असं विचारलं ना, तो प्रश्न खरं तर तू त्यांना विचारायचास. गाडी कुठपर्यंत सोडते? तुझ्या गावापर्यंत, की पिरनवाडीच्या फाट्यावर? आमच्याकडे एका मुलीला फाट्यावर सोडायचे आणि पुढं तिचा भाऊ गाडी घेऊन उभा राहायचा. पावसाळ्यात खानापूर रोडवर रात्री उभं राहणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

दिवसाच्या पाळीचं एक बरं आहे. 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत बस फुकट आहे आणि खानापूरची बस शहरात शिरायच्या आधीच मच्छे, पिरनवाडी करत उद्यमबागेवरून जाते. पगारातला प्रवासाचा खर्च वाचतो. दोन वर्षं मी तशीच केली.

आणि शॉपमध्ये फिरलीस तेव्हा बायकांचं टॉयलेट बघितलंस का? बघ. शॉपपासून किती लांब आहे ते बघ. मुलाखतीच्या दिवशी विचारायला लाज वाटते, पण रोज आठ तास तिथं तुलाच काढायचेत. शॉपमध्ये बाकी किती मुली आहेत तेही विचार. तू एकटीच असशील तर गाडी पहिल्या महिन्यात येते आणि नंतर "एकटीसाठी कशी पाठवायची" म्हणून बंद होते. मी हे होताना पाहिलंय.

खानापूरची_मेकॅनिकल

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारी फाईल घेऊन पुन्हा गेले होते. भाऊ बरोबर आला होता, पण आत मी एकटीच गेले.

ओरिजिनल ठेवणार नाही, दाखवते आणि झेरॉक्स देते म्हणून सांगितलं. एसएसएलसीचं डिजिलॉकरवर आहे, तेही दाखवलं. एचआरनी आधी "सगळे देतात" म्हणून सांगितलं. मी तशीच बसून राहिले. मग त्यांनी क्वालिटीच्या साहेबांना फोन लावला. साहेब खाली आले, फाईल स्वतः चाळली, झेरॉक्सवर सही केली आणि ओरिजिनल माझ्या हातात दिले. म्हणाले, "मला ही मुलगी पाहिजे, तिची कागदं नको." हे वाक्य मी घरात सगळ्यांना सांगितलं.

बाँड आहेच. रक्कम कमी झाली नाही, पण वर्षानंतर निम्मी होईल आणि कंपनीनं काढलं तर लागू नाही, हे दोन्ही लिहून घेतलं. रोल कंपनीचाच आहे. ब्रेकअप निपाणीकर दादांनी लिहिला तसाच निघाला, बेसिकचा आकडा थोडाच वेगळा. मुली शॉपमध्ये आणि असेंब्लीत मिळून बऱ्याच आहेत, टॉयलेट बघून आले, ठीक आहे. गाडी पिरनवाडीपर्यंतच येते म्हणाले. मी पत्रात खानापूर लिहून द्या म्हटलंय, तोवर जनरल पाळीच करणार. पत्र सोमवारी ईमेलवर येणार आहे, ते वाचून सही करेन. तोंडी होकार दिलाय.

काका, एक राहिलं. इंटर्नशिपला बोअर गेज रिंगवर लावून शून्य करायचे तेव्हा दर वेळी एक-दोन मायक्रॉन इकडेतिकडे यायचं. माझ्या हाताचं असतं का ते?

गेजरूम_उद्यमबाग

हाताचंच, पण सुटतं. गेज रिंगमध्ये सरळ धरून थांबू नको. हळू मागं-पुढं झुलव, काटा एका दिशेनं जातो आणि एका जागी वळून परत फिरतो. तो वळायचा बिंदू म्हणजे सर्वांत लहान माप, तिथं डायल शून्यावर आण. जॉबमध्येही तसंच झुलवून वळायचा बिंदूच वाच. रिंग मुठीत धरून बसायची नाही, हाताची ऊब लागते. रिंग आणि जॉब दोन्ही त्याच ग्रॅनाइट टेबलावर थोडा वेळ शेजारी शेजारी राहू दे, मग मोज. आणि सोमवारी पत्र आलं की गाडीचं वाक्य त्यात आहे का ते आधी बघ.